एटीआर ७२ : चौदा महिने, बावीस फेऱ्या आणि मागे राहिलेली एक बॅग

सांबऱ्याला, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावर, बॅगांचा पट्टा फिरून फिरून थांबला, तरी आम्ही नऊ-दहा जण तिथेच उभे. बाहेर जुलैचा पाऊस. माझ्या बॅगेत गिऱ्हाइकाने दिलेलं गेज (माप तपासायचं साधन) आणि पंपाच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, नमुना, दोन्ही मिळून तेरा किलो. उद्यमबागेत, आमच्या कारखान्यात, सकाळच्या पाळीचा ऑपरेटर त्याचीच वाट बघत बसणार होता. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "नाळे बर्तैत्री." उद्या येईल म्हणे! माणूस आला आणि बॅग बेंगळुरातच? "लोड जास्त होतं काका," हे मात्र तो मराठीत बोलला, कारण तोवर माझा आवाज चढला होता.

बॅग तिसऱ्या दिवशी आली. दोन पाळ्या मशीन रिकामं. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. चार मेल केले, चारही वेळा "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", आणि शेवटी पुढच्या तिकिटावर पाचशेची सूट, तीही नव्वद दिवसांत वापरली तर. वापरली. पाचशे रुपये कशाला सोडायचे?

खरं म्हणजे तोवर माझं या एटीआर नावाच्या पंखेवाल्या विमानाबद्दल मत फार चांगलं होतं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने किंवा स्लीपर कोचने रात्र काढून बेंगळूर गाठायचं, लॉजवर आंघोळ करून गिऱ्हाइकापुढे तांबारलेल्या डोळ्यांनी बसायचं, हे मी वीस वर्षं केलंय. इथे सव्वा-दीड तासात देवनहळ्ळी, म्हणजे बेंगळूरचा विमानतळ. (तिथून गावात जायला पुन्हा तेवढाच वेळ, ते सोडा.) शिवाय मशीनशॉपवाल्या माणसाला हे यंत्र आवडतंच. मोठ्या विमानाच्या शेपटीत जमिनीवर वीज आणि एसी पुरवणारं एक छोटं वेगळं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नाहीच. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून ठेवतात. इंजिन चालू, पंखा गच्च थांबलेला. याला हॉटेल मोड म्हणतात. एक अख्खं इंजिन वाचवलं, त्याचं वजन वाचवलं, देखभाल वाचवली. हा काटकसरीचा विचार ज्याच्या डोक्यात आला तो नक्की आमच्यासारखाच छोटा कारखानदार असणार. एप्रिलच्या दुपारी आत बसल्यावर तो एसी पुरत नाही, हेही खरं.

आता सीटबद्दल. एटीआरमध्ये पुढच्या सीटला पैसे देऊ नका. मी एकदा दिले, साडेतीनशे. या विमानात चढायचं-उतरायचं दार मागे, डाव्या बाजूला. पुढे, पायलट आणि प्रवासी यांच्या मधे, सामानाचा कप्पा. म्हणजे पुढच्या रांगेवाला सगळ्यांत शेवटी उतरतो. वर पंखे फिरतात ते नेमके पुढच्या काही रांगांच्या शेजारी, त्यामुळे जास्त आवाज आणि जास्त थरथर त्याच्याच वाट्याला. जेटच्या सवयीने लोक पुढची सीट विकत घेतात आणि मागे फुकट बसलेला माणूस रिक्षात बसून निघूनही गेलेला असतो. अठराव्या रांगेत बसा. मी गेल्या वर्षभरात सतरा वेळा बसलोय.

वरचे कप्पे लहान. चाकांची मोठी ट्रॉली त्यात जात नाही, शिडीपाशीच काढून घेतात. आपली साधी कापडी पिशवी मात्र आरामात मावते. आमच्या बेळगावच्या कुंद्याचे, म्हणजे मिठाईचे, दोन बॉक्स असलेली सुद्धा.

इथपर्यंतचं बरंचसं मी जुलैतच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "सामान असेल तर या विमानाच्या वाटेला जाऊ नका" असं ठणकावलं होतं. ते वाक्य आता काढलंय. एका रविवारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. माणूस पंचाहत्तर किलोचा धरला, तिकिटावर मिळते ती पंधरा किलोची बॅग, हातात सात किलो. झाले ९७. गुणिले ७८ सीटा : ७,५६६ किलो. आणि ७२-६०० हे मॉडेल माणसं-सामान मिळून जास्तीत जास्त नेतं साडेसात टनांच्या आसपास! म्हणजे सगळ्या सीटा भरल्या आणि प्रत्येकाने तिकिटावरचा हक्क पुरा वापरला, तर कागदावरच गाडी ओव्हरलोड. त्यात पावसाळा. सांबऱ्यावर ढग बसले तर हुबळी, तिथेही तेच असेल तर आणखी लांब कुठेतरी जाता यावं एवढं इंधन भरावं लागतं. उड्डाणाच्या वेळी एकूण वजन २३ टनांच्या वर नेता येत नाही. रिकामं विमानच साडेतेरा टनांच्या घरातलं, त्यामुळे इंधन वाढलं की दुसरं काहीतरी खाली उतरणार. माणसाला उतरवलं तर बोंबाबोंब होईल. बॅग बोलत नाही.

हिशोब समजल्यावर विमानावरचा राग गेला. काउंटरवरचा मात्र वाढला. बेंगळुरात बॅग खाली ठेवली त्याच क्षणी कुणाची ठेवली हे त्यांना ठाऊक होतं. मोबाइलवर सँडविच आधी बुक करा म्हणून तीन मेसेज येतात, मग "तुमची बॅग राहिली" एवढा एक का येत नाही? विमान सुटायच्या आधी सांगितलं असतं तर गेज तेवढं काढून हातात घेतलं असतं.

तरी कंपन्या हेच विमान का पकडून बसतात? ८० पेक्षा कमी सीटा असल्या तर देशी कंपनीला उतरण्याचं शुल्क माफ असतं. म्हणून इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८. इंधनावरचा विक्रीकरही लहान विमानांना कमी. २०१७ साली इंडिगोने अशा ५० विमानांचा करार जाहीर केला तो काही हौस म्हणून नव्हे. आमच्याकडे मात्र कोण किती टिकेल याचा भरवसा नसतो. स्पाइसजेटची क्यू-४०० विमानं, तीही पंखेवाली पण एटीआरपेक्षा वेगवान, २०१८ च्या मे महिन्यात हुबळीला गेली, कारण हुबळी उडान या छोट्या शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेत होती आणि तेव्हा बेळगाव नव्हतं. नवी टर्मिनल इमारत होऊन वर्षही झालं नव्हतं! मग आपलाही नंबर लागला, हैदराबादची ट्रूजेट एटीआर घेऊन आली, आणि २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. उडानचं अनुदान तीन वर्षांचं असतं. नवा मार्ग सुरू झाला की आमच्या गल्लीत पेढे वाटतात. मी तारीख लिहून ठेवतो आणि त्यात तीन मिळवतो. स्टार एअरची पन्नास सीटांची विमानं जेट आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. चंदगड-सावंतवाडीकडच्या पाहुण्यांना आता गोव्यातल्या मोपा विमानतळावरून फ्लाय ९१ कंपनीची एटीआर मिळते, २०२४ पासून. मी अजून त्यात बसलेलो नाही.

बायकोने नेपाळमधल्या पोखऱ्याच्या एटीआर अपघाताचा व्हिडिओ पाहिल्यापासून "त्या पंख्याच्या विमानात जाऊ नका" हे पालुपद आहे. जानेवारी २०२३ ला तिथे ७२ जण गेले. चौकशीत निघालं ते असं, की फ्लॅपच्या (विमानाच्या पंखांमागच्या झडपांच्या) लिव्हरऐवजी पंख्यांच्या पात्यांची धार वाऱ्याकडे फिरवणारे लिव्हर ओढले गेले आणि दोन्ही इंजिनांचा जोर नाहीसा झाला. मशीन बिघडलं नव्हतं, हात चुकला होता. हे सांगून तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही पूर्ण झालं असं नाही.

मध्ये रागाच्या भरात एकदा वंदे भारतने गेलो. साडेआठ तास. तेरा किलोचा नमुना वर रॅकवर, कुणी वजन केलं नाही, कुणी काही विचारलं नाही. पण पहाटे उठून निघालो तो पोचेपर्यंत दुपार, गिऱ्हाईक जेवायला गेलेलं, मुक्काम पडला, आणि लॉजच्या बिलात विमानाच्या भाड्यातला फरक निघून गेला.

परवा मंगळवारचं तिकीट काढलंय. अठरावी रांग. केसिंगचा नमुना आधीच ट्रान्सपोर्टने पाठवला. गेज हातातल्या पिशवीत, शॉपमधल्या काट्यावर पिशवीसकट ६ किलो ८०० ग्रॅम भरलं. सिक्युरिटीवाला हे काय म्हणून विचारेल, म्हणून गिऱ्हाइकाचं पत्र वरच ठेवलंय. कुंदा या वेळी एकच बॉक्स, तो बायको म्हणते कोटाच्या खिशात घाला.