फिरते विज्ञान प्रदर्शन : कॅटालिन कारिको यांचे संशोधन

नाशिकमधील एक मंडळ शाळांना विज्ञान प्रदर्शने भाड्याने देते. त्यांपैकी एक नुकतेच आमच्या गंगापूर रस्त्यावरील शाळेत भरले. एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याचा संदेश देणारा रेणू) लशींचा पाया घालणाऱ्या हंगेरियन जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटालिन कारिको यांचे संशोधन हा त्याचा विषय. अशा फलकांवर चिकाटीविषयीच्या सुविचारांचीच गर्दी असते, म्हणून मी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. प्रत्यक्षात प्रदर्शन बरेच सरस निघाले, फक्त त्यातली एक चूक गंभीर आहे.

फलकांची सुरुवात 1985 पासून होते. हंगेरीतील सेगेद येथील संशोधन केंद्रातील कामाचा निधी बंद झाल्यावर कारिको यांनी पती आणि लहानग्या मुलीसह अमेरिकेतील फिलाडेल्फिया गाठले आणि मोटार विकून हाती आलेले 900 पौंड मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून नेले. हा प्रसंग मुलांना आवडतोच, पण त्यासाठी अख्खा फलक खर्ची घालणे मला अनाठायी वाटले, कारण त्यामुळे पुढच्या खऱ्या कसोटीला जागा उरलेली नाही. 1989 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुजू झाल्यानंतर अनुदानासाठीचे त्यांचे अर्ज एकामागून एक नामंजूर होत गेले आणि 1995 मध्ये त्यांना खालच्या पदावर आणण्यात आले; त्याच सुमारास कर्करोगाच्या शंकेने त्यांच्या तपासण्या चालू होत्या आणि पती व्हिसाच्या अडचणीमुळे हंगेरीत अडकले होते. हे सारे दोन ओळींत उरकले आहे. मात्र अर्ज का नाकारले जात होते, हे लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे मांडले आहे. एमआरएनए चटकन विघटित होतो आणि बाहेरून टोचल्यास शरीरात दाह निर्माण करतो, हे आक्षेप काही खोडसाळ नव्हते. नकार देणारे सगळेच आडमुठे होते असे रंगवले असते, तर या बाई नेमक्या कशाशी झुंजत होत्या हेच मुलांना कळले नसते.

प्रदर्शनाचे खरे मोल मण्यांच्या प्रात्यक्षिकात आहे. चार रंगांचे मणी ओवलेली माळ म्हणजे एमआरएनए. ती लाकडी पेटीच्या भोकातून ओढताना लाल मणी, म्हणजे युरिडिन हा त्यातला एक घटक, आत गेला की दिवा पेटतो. पेशींना परका आरएनए आल्याची वर्दी मिळून दाह सुरू झाल्याची ती खूण. त्यानंतर टीआरएनएची, म्हणजे प्रथिन बनताना त्याचे घटक आणून देणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या आरएनएची, माळ ओढली, तर दिवा पेटतच नाही. आठवीतल्या एका मुलीने ती माळ मागून घेतली, खिडकीपाशी नेऊन न्याहाळली आणि ‘ताई, यातले काही लाल मणी जरा वेगळेच आहेत’ असे सांगितले. समजावून देणाऱ्या ताईंनी तोवर उत्तराची वाच्यता केली नव्हती, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. कारिको आणि त्यांचे सहकारी ड्रू वाइसमन यांनाही वाट सापडली ती याच फरकातून : टीआरएनएमधील अनेक घटकांत रासायनिक बदल झालेले असतात आणि त्याने दाह होत नाही. मग एमआरएनएमध्ये युरिडिनऐवजी त्याचेच किंचित बदललेले रूप, स्यूडोयुरिडिन, घातल्यावर दाह कमालीचा घटला. ‘नेचर’ या नियतकालिकाने परत पाठवलेला हा शोधनिबंध 2005 मध्ये ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तरीही त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. या बदलामुळे पेशीत प्रथिनही अधिक तयार होते, हे 2008 मध्ये दाखवण्यात आले; तो भाग मात्र प्रदर्शनात नाही. 2023 च्या नोबेल पारितोषिकाचा फलक सर्वांत मोठा आहे आणि त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

चूक आहे ती शेवटच्या फलकावर. ‘तुम्ही-आम्ही घेतलेली लस यांच्यामुळेच’ हे विधान नाशिकमध्ये खरे ठरत नाही. येथे बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन. पहिलीत बदल केलेला ॲडिनोव्हायरस (सर्दीसारखे आजार देणाऱ्या गटातला विषाणू) वाहक म्हणून वापरला आहे, तर दुसरीत निष्क्रिय केलेला करोना विषाणू आहे. एमआरएनए लस यांपैकी एकही नाही. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली होती, तो उल्लेख येथे चपखल बसला असता. आरोग्य विज्ञान विद्यापीठ असलेल्या शहरात असा मजकूर एखाद्या जाणकाराकडून तपासून घेणे अवघड नसावे. मंडळाला हे कळवले असता त्यांनी फलक बदलण्याचे मान्य केले आहे.

सेवेबद्दल सांगायचे तर टेम्पो द्वारका चौकातल्या कोंडीत अडकल्यामुळे मांडणीला उशीर झाला, आणि दोन स्टँड इतके डगमगत होते की त्यांना दोरीने बांधावे लागले. भाडे मात्र स्नेहसंमेलनातल्या ध्वनिवर्धकाच्या खर्चाहूनही कमी आहे. प्रदर्शन मागवणाऱ्या शाळांनी मण्यांच्या प्रात्यक्षिकासाठी एक वेगळा वर्ग राखून ठेवावा आणि एका वेळी एकच तुकडी आत सोडावी, कारण सभागृहाच्या गोंगाटात ताईंचे बोलणे मागच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही.