रिमा रंगवायला दिल्या आणि तडा झाकून परत आल्या

आमच्याकडे जिप्सीचं मोठं काम काढायचं म्हणजे पावसाळ्यातच. 1 जुलै ते 30 सप्टेंबर ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतो, गाडी दारात उभी असते. इंजिन, पाटे, सीटकव्हर, रंग, सगळं त्या तीन महिन्यांत उरकावं लागतं. माझी जिप्सी ताडोबाच्या मोहर्ली गेटवर सफारीला चालते. मारुतीने ही गाडी बनवणं कधीच बंद केलं, त्यामुळे आहे ती जपणं एवढंच आपल्या हातात.

यंदा पाचही रिमांना, स्टेपनी धरून, वेगळा रंग द्यायचं मनात होतं. चैत्रात मोहाला कोवळी पानं फुटतात तेव्हा जो तांबूस रंग दिसतो ना, तो. पान घेऊनच मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरखालून पत्र्याचा तुकडा काढला, अगदी तसाच रंग, आणि किल्लीने खरवडून दाखवला. ओरखडा उठला नाही. "भाऊ, पावडर कोटिंग आहे हे. आधी ब्लास्टिंग करून जुना रंग काढतो, मंग भट्टीत टाकतो. पाच वर्षं पाहाचं काम नाही." पाच रिमांचे 11,000 ठरले, 6,000 आधी दिले. पावतीवर त्याने लिहिलं, 'रिम कलर, 5 नग'. पावडर कोटिंग हा शब्द त्यात नव्हता. माझं तिथेच चुकलं.

मी चाकंच्या चाकं टेम्पोत टाकून दिली होती. टायर आम्हीच उतरवतो म्हणाला. आठ दिवसांनी चाकं आली ती हवा भरून, चकचकीत. घरच्यांनाही रंग आवडला. उरलेले पैसे मी त्याच दिवशी दिले.

ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात, मागे सहा पर्यटक, बाजूला गाईड, आणि वळण घेताना डावीकडून कट्‌ कट्‌ आवाज. गेटबाहेर येऊन पाना लावला तर पुढच्या डाव्या चाकाचे पाचपैकी तीन नट हाताने फिरले. नट जिथे बसतो त्या खोलगट जागेतही रंगाचा जाड थर होता. तो थर दबून चुरा होतो आणि कसलेला नट ढिला पडतो. रिम रंगवणाऱ्याला हे माहीत असायलाच पाहिजे. ती जागा झाकूनच रंग मारायचा असतो.

चाक काढून गावातल्या पंक्चरवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी टायर उतरवला आणि मला बोलावलं. "हे पाहा बरं." टायरच्या काठाने झाकलेल्या पट्टीत जुना चंदेरी रंग आणि गंज जसाच्या तसा. नवा रंग काठापाशी येऊन थांबलेला, रबरावर त्याचे बारीक तांबूस ठिपके. म्हणजे टायर काढलाच नव्हता. पावडर भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर वितळवून पक्की करतात. टायर-ट्यूबसकट चाक तिथे ठेवताच येत नाही. काकांनी थिनरचं फडकं घासलं, फडकं तांबडं झालं. नीट भाजलेली पावडर अशी सुटत नाही.

मग त्यांनी तारेचा ब्रश मारला. एका स्टडच्या, म्हणजे ज्यावर नट कसतात त्या बोल्टच्या, भोकाजवळून पुट्टीचा पापुद्रा निघाला आणि खाली बोटाच्या पेराएवढा तडा. पुट्टी आपोआप भरत नाही. ज्याने ती भरली त्याला तडा दिसला होता. त्याने मला फोन करायचा सोडून तो बुजवला, वर मोहाचा रंग मारला, आणि त्या चाकावर मी लोकांची लेकरं जंगलात फिरवली. पैशांपेक्षा मला हेच सलतं.

दुकानात गेलो तर म्हणाला, "मी पावडर फिनिश म्हटलं होतं, कोटिंग कुठं म्हटलं?" पावतीचा कागद त्याच्याच बाजूने बोलत होता. तरी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. टायर उतरवतानाचे फोटो काकांच्या पोराने काढले होते, तेच आता कामी येतील.

तुम्ही देणार असाल तर टायर आपल्या गावात उतरवून नुसत्या रिमा न्या. ब्लास्टिंग झाल्यावर, रंग चढण्याआधी, स्वतः जाऊन उघडं लोखंड पाहा, भोकांभोवती नख फिरवून पाहा. दूर पडतं, माझ्याकडून शहर तीसेक किलोमीटर आहे, तरी जा. त्याच वेळी एखादी रिम बाद निघाली तर कळते. पावतीवर कामाचं पूर्ण नाव लिहून घ्या. आणि चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा कसा, रंग कुणीही मारलेला असो.

तडकलेल्या रिमला वेल्डिंग करून देतो म्हणणारे दोघे भेटले. मी दिली नाही. ती माझ्या अंगणात आहे. मोहर्लीच्या बाजूचं कोणी रिमा रंगवायला निघालं असेल तर आधी येऊन पाहून जा, तडा बोटाला लागतो.