जिप्सम बोर्डचं पार्टिशन करताय? रंग लावायच्या आधी थांबा

ज्यांच्याकडे जिप्सम बोर्डचं काम निघणारे त्यांनी हे वाचाच, कारण आमच्या कॉन्ट्रॅक्टरने आम्हाला व्यवस्थित चुना लावलाय. कोटेशनमध्ये सगळं छान लिहिलेलं, 12.5 मिमीचा बोर्ड, जॉइंटला पेपर टेप, कंपाउंडचे (जॉइंट भरायच्या लगद्याचे) तीन हात, घासून प्रायमर, बाथरूमकडच्या बाजूला ओल सोसणारा हिरवा बोर्ड. प्रत्यक्षात आज बोर्ड लागले आणि उद्या रंगवाला दारात. विचारलं तर म्हणे आमची पोरं फास्ट आहेत!

आता पोरं कितीही फास्ट असली तरी कंपाउंड थोडंच त्यांचं ऐकतंय. डब्यात तयार मिळतं ते हवेने वाळतं, एका हाताला साधारण 24 तास धरा, दमट हवा असेल तर अजून जास्त, आणि पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नसतो. पाण्यात कालवायची पावडर येते ती लवकर घट्ट होते हे खरं, पण तीन हात, घासणं, प्रायमर आणि वर रंग हे सगळं एका दिवसात? शक्यच नाही.

रंग मस्त दिसला. मग काही आठवड्यांनी उभ्या चिरा पडल्या, अगदी पट्टीने आखल्यासारख्या, बरोबर चार चार फुटांवर, म्हणजे बोर्डाच्या रुंदीवरच. यावर त्याचं उत्तर, घर बसतंय हो, होतं असं. फक्त जॉइंटवरच बसतं का घर?

शेवटी दुसरा कारागीर आणला. त्याने पात्याचं टोक चिरेत घातलं तर पांढरी पट्टीच्या पट्टी निघून हातात आली, खाली टेप नाहीच, नुसती पुट्टी, तीही प्लास्टरच्या भिंतीवर मारतात ती. ती कडक होते पण टेप नसेल तर जॉइंट जरा हलला की तडकते. मग त्याने भिंतीवरून लोहचुंबक फिरवला, जिथे चिकटेल तिथे स्क्रू. स्क्रूच्या रांगा फक्त बोर्डाच्या कडांना सापडल्या, मध्ये काहीच नाही, म्हणजे 600 मिमीवर जो स्टड, बोर्ड ज्यावर स्क्रूने बसवतात तो उभा आधार, हवा तोच गायब. हाताने दाबलं की बोर्ड आत जायचा. त्यात कित्येक स्क्रू इतके आत पिळलेले की डोक्याने कागद फाटलेला, असा स्क्रू बोर्ड धरतच नाही, डोकं कागद न फाडता जेमतेम आत बसायला हवं. बाथरूमच्या बाजूचा स्विचबोर्ड उघडून कापलेली कड बघितली तर साधा पांढरट कागद. बिलात मात्र हिरवा!

म्हणून सांगतो, एका बाजूचे बोर्ड लागले की दुसरी बाजू बंद करायच्या आधी स्टडचे फोटो काढा, टेप लावताना समोर उभे राहा, आणि रंगाआधी अंधार करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा, उंचवटे खड्डे सगळे दिसतात. चकचकीत रंग लावणार असाल तर हे डबल करा, तो काहीच लपवत नाही. आणि हो, शेवटचा हप्ता या टॉर्चनंतरच.

आमचं म्हणाल तर नुसते जॉइंट खरवडून टेप मारून भागणार नाहीये, मधले स्टड टाकायला एक बाजू पूर्ण उतरवावी लागतीये. त्या माणसाला मेसेज केला की दोन निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.