स्थिरचित्रासाठी सॉफ्ट पेस्टल घ्यावेत की ऑईल पेस्टल?

नोकरी-संसार सांभाळून चित्रं काढणारी बेळगाव-खानापूरकडची ओळखीची मंडळी मला हा प्रश्न हमखास विचारतात. दुकानात दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींवर ‘पेस्टल’च लिहिलेलं असतं, म्हणून गोंधळ होतो. पण कांडी हातात घेतली की जात वेगळी आहे हे लगेच कळतं. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, थोडी खडूची भुकटी आणि ती धरून ठेवण्यापुरता डिंक. ऑईल पेस्टलमध्ये रंगद्रव्य मेणात आणि कधीच न वाळणाऱ्या तेलात मळलेलं असतं. पुढचे सगळे फरक यातूनच निघतात.

मी एकच मांडणी दोन्हींत करून पाहिली. खानापूरचं मातीचं मडकं, शेजारी चिंचेनं घासलेली तांब्याची कळशी, पुढ्यात मूठभर संकेश्वरी मिरच्या. उजेड उत्तरेच्या खिडकीतून.

सॉफ्ट पेस्टलला मी तपकिरी, खरखरीत कागद घेतला. मडक्याचा मधला रंग कागदानंच दिला, मी फक्त सावली आणि उजेड भरला. आडवा खडू हलका फिरवला की कागदाच्या खरखरीवर रंगाचे कण अडकतात आणि भाजलेल्या मातीचा पोत आपोआप उतरतो. कळशीच्या पोटावर मिरच्यांचा लाल पडला होता, तोही तांब्याच्या रंगावर नुसता टेकवला. चमक अगदी शेवटी, पांढऱ्या खडूचा एकच ठिपका दाबून. गडदावर फिकट इतकं स्वच्छ बसतं, हा या माध्यमाचा सर्वांत मोठा गुण आहे.

तीच चमक ऑईल पेस्टलमध्ये देताना मी अडकलो. पांढरी कांडी खालचा तपकिरी उचलते आणि ठिपका मळकट होतो. मग तिथला रंग ब्लेडनं खरवडून कागद उघडा करावा लागतो, नाहीतर ती जागा पहिल्यापासून कोरी राखावी लागते. मिरच्या मात्र ऑईल पेस्टलमध्येच जास्त खऱ्या वाटल्या. दाबून भरलेला दाट लाल, त्यावर काळपट लालाचा थर आणि ब्लेडच्या टोकानं ओढलेल्या सुरकुत्या! तसा ओलसर भरीवपणा खडूला येत नाही. वांगी, टोमॅटो, ओले मासे असे तुकतुकीत विषय आवडत असतील तर हे लक्षात ठेवा.

चूक सुधारायला सॉफ्ट पेस्टल सोपे. राठ ब्रशनं रंग झाडला की पुन्हा सुरुवात करता येते. मात्र धूळ हा खरा त्रास आहे. ती फुंकू नका. फळी किंचित पुढे झुकती ठेवा म्हणजे धूळ चित्रावर न बसता खाली पडते, नंतर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. काही खडूंत कॅडमियमसारखी घातक द्रव्यं असतात, तेव्हा मास्क लावाच. घरात रांगतं मूल असेल आणि वेगळी खोली नसेल तर मी ऑईल पेस्टलच सुचवेन. तसेही ते जपानमध्ये साकुरा कंपनीनं १९२५ च्या सुमारास मुलांसाठीच काढले होते. पुढे १९४९ मध्ये फ्रान्सच्या सेनेलिएनं पिकासोच्या मागणीवरून चित्रकारांसाठी उत्तम दर्जाचे ऑईल पेस्टल बनवले, त्यामुळे माध्यम पोरखेळाचं नाही.

आता आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते आणि कागद हवेतला दमटपणा पितो. माझं एक सॉफ्ट पेस्टल फ्रेमवाल्यानं काच थेट चित्राला टेकवून बसवलं. श्रावणात पाहिलं तर मडक्याच्या सावलीत बुरशीचे पांढरे ठिपके आणि काचेला चिकटलेला रंग. ते चित्र गेलंच. काच आणि चित्र यांच्यात जाड माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवी, हे फ्रेम करणाऱ्याला सांगून, समोर उभं राहून करून घ्या. ऑईल पेस्टललाही ही फट लागते, कारण ते कधी पूर्ण सुकत नाहीत, त्यावर धूळ चिकटते आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात ते मऊ पडतात. फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग कागदावर धरून ठेवणारा फवारा, मारून सॉफ्ट पेस्टल थोडे पक्के होतात, पण फिकट रंग काळवंडतात. मी ते फक्त खालच्या थरांवर मारतो, शेवटचा उजेड तसाच ठेवतो.

नीट जपलं तर सॉफ्ट पेस्टल टिकतात, कारण पिवळं पडायला त्यांत तेलच नसतं. स्थिरचित्रांचा थोर फ्रेंच चित्रकार शार्दँ डोळे अधू झाल्यावर पेस्टलकडे वळला. १७७१ मधलं त्याचं पेस्टलमधलं आत्मचित्र आजही टवटवीत आहे.

खर्चात ऑईल पेस्टल स्वस्त, आणि कॅम्लिनचा डबा कुठेही मिळतो. तरी वस्तूंवरचा उजेड बघायची खरी ओढ असेल तर माझं मत सॉफ्ट पेस्टलच्या बाजूनं आहे. पैसे कमी असतील तर अर्ध्या कांड्यांचा छोटा डबा घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगला खरखरीत कागद आणा. गुळगुळीत कागदावर महागडा खडूही घसरतो.

पहिल्या मांडणीला फळं नकोत, ती चार दिवसांत रंग बदलतात. गोकाकची रंगवलेली खेळण्यातली फळं टिकतात, पण त्यांची चमक सगळीकडे सारखीच असते. बाजारातून माती लागलेली चार रताळी आणा. धुऊ नका. आठवडाभर ती तशीच राहतात, आणि सालीचा जांभळट लाल व त्यावरची कोरडी माती हे दोन्ही खडूच्या दोन फटकाऱ्यांत येतं.