सॅटर्न एसएल-२ (२००१, मॅन्युअल) : रोजच्या वापरानंतरचा अनुभव

२०१० च्या ऑक्टोबरअखेर सॅटर्नच्या डीलरांचे करार संपले आणि जनरल मोटर्सचा हा ब्रँड कायमचा बंद झाला. तरीही अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एसएल, एससी, एसडब्ल्यू ही एस-सिरीजमधली नावं अजून दिसतात. शिकायला किंवा नव्या नोकरीवर आलेल्यांना पहिली गाडी म्हणून त्या परवडतातही. हा अनुभव २००१ च्या एसएल-२ चा आहे : चार दारांची सेडान, १.९ लिटरचं डबल कॅम इंजिन, १२४ हॉर्सपॉवर, पाच गिअरचं मॅन्युअल. वापर रोजच्या नोकरीच्या जाण्यायेण्याचा, शनिवार-रविवारी हायवेचा, आणि एक अख्खा हिवाळा मीठ टाकलेल्या रस्त्यांवरचा. मत आधीच सांगून टाकतो : गाडी घेण्यासारखी आहे, पण ज्याला डिपस्टिक (ऑईलची पातळी मोजायची पट्टी) बघायचा कंटाळा आहे त्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

ऑईलचं आधी. या १.९ लिटर इंजिनांचं मुख्य दुखणं पिस्टनमध्ये आहे. पिस्टनवरच्या तीन रिंगांपैकी सगळ्यात खालची ऑईल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑईल खरवडते. ते ऑईल रिंगेच्या खाचेतून परत खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीत, जायला हवं, पण या पिस्टनमध्ये त्याला वाट अपुरी आहे. ऑईल तिथेच साचतं, तापून त्याचा कार्बन होतो, रिंग खाचेत चिकटते आणि मग ऑईल वर चढून पेट्रोलबरोबर जळू लागतं. लाखभर मैल चाललेल्या गाडीने हजार मैलांत एक क्वार्ट (जेमतेम एक लिटर) ऑईल खाल्लं तरी सॅटर्नच्या मालकांना त्याचं नवल वाटत नाही. फसगत अशी होते की जमिनीवर डाग पडत नाही आणि निळा धूरही फारसा दिसत नाही, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यातला बराचसा भाग जाळून टाकतो. सम्पमध्ये फिल्टर धरून जेमतेम चार क्वार्ट, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास ऑईल मावतं. एक क्वार्ट गेलं की पाव इंजिन कोरडं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑईलचा दाब दाखवतो, पातळी नाही. तो लागेपर्यंत थांबलात तर बेअरिंगं आणि टायमिंग चेन दोन्हींना मार बसलेला असतो. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे, ही जमेची बाजू. पण चेनचं आणि तिच्या टेन्शनरचं आयुष्य ऑईलवरच अवलंबून असतं. चेन तुटली किंवा दात सुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो.

डिपस्टिक सकाळी, सपाट जागी, इंजिन चालू करण्याआधी बघावी. पेट्रोल पंपावर थांबल्या थांबल्या बघितली तर ऑईल अजून वरच असतं, पातळी कमी दिसते, आणि माणूस जास्त ओतून बसतो. ५डब्ल्यू-३० ऑईल, दर तीन हजार मैलांना बदल, आणि डिकीत कायम एक बाटली. बस, एवढं पाळलं की हे इंजिन दोन लाख मैल सहज जातं.

रिंगा मोकळ्या करायचा एक घरगुती उपाय आहे आणि तो बऱ्याच गाड्यांत चालतो. इंजिन कोमट असताना इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून ठेवायचे, चारही स्पार्क प्लग काढायचे, आणि क्रँकचा बोल्ट पान्याने फिरवून चारही पिस्टन मधल्या उंचीवर आणायचे. प्लगच्या भोकातून एक लांब काडी सोडली की अंदाज येतो. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० ते ६० मिलिलिटर कार्बन विरघळवणारं सॉल्व्हेंट ओतून रात्रभर ठेवायचं, खाली उतरलं तर थोडं आणखी घालायचं. सकाळी उरलेलं ओढून घ्यायचं, गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज काढायचा, प्लगच्या भोकांवर जाड फडकं टाकायचं आणि स्टार्टर काही सेकंद फिरवायचा. या वेळी समोर डोकं घालू नये आणि जवळ ठिणगी नसावी, कारण उडणारा फवारा ज्वालाग्राही असतो. सॉल्व्हेंट न काढता प्लग बसवून स्टार्टर मारला तर मात्र कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, द्रव दाबला जात नाही. सॉल्व्हेंट रिंगांमधून सम्पमध्येही उतरलेलं असतं, म्हणून गाडी रस्त्यावर काढण्याआधी ऑईल आणि फिल्टर बदलायलाच हवं. रिंगा पार घट्ट बसल्या असतील तर याने भागत नाही. मग इंजिन उघडून नव्या रिंगा घालायच्या आणि त्याच वेळी पिस्टनच्या खाचेत ऑईल परत जायला भोकं पाडून घ्यायची.

दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. सिलिंडर हेडवर गिअरबॉक्सच्या बाजूला तो बसतो. मूळ सेन्सरचं टोक प्लॅस्टिकचं असतं, ते कालांतराने तडकतं आणि कूलंट आतून झिरपत कनेक्टरपर्यंत येतं. मग इंजिनच्या कंप्युटरला वाटतं की इंजिन अजून थंड आहे. तो पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज पडतं, गरम गाडी लवकर स्टार्ट होत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गरज असताना रेडिएटरचा पंखा लागत नाही. काटा खाली आणि इंजिन उकळतंय, असा प्रकार होतो. कनेक्टर काढून बघा : पिनांवर हिरवट थर असेल तर निदान झालं. पितळी टोकाचा नवा सेन्सर स्वस्तात मिळतो. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून दाब सोडायचा, १९ मिमीच्या खोल सॉकेटने जुना सेन्सर काढायचा आणि हातात तयार ठेवलेला नवा लगेच फिरवून बसवायचा. कपभरच कूलंट सांडतं. पिना गंजलेल्या असतील तर कनेक्टर वायरीसकट बदला, नाहीतर नव्या सेन्सरनेही तीच लक्षणं राहतात. सेकंडहॅण्ड सॅटर्न घेतली की मागचा मालक काहीही म्हणो, हा सेन्सर पहिल्याच आठवड्यात बदलून टाकावा.

उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि सीट थरथरत असेल तर बहुधा इंजिनचा वरचा माउंट गेलेला असतो. टायमिंग कव्हरच्या बाजूला, बॉनेट उघडल्यावर समोरच दिसतो. सम्पखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिनचा भार जरासा उचलायचा, वरचे नट काढायचे, नवा माउंट बसवायचा. घरच्या हत्यारांनी अर्ध्या-पाऊण तासाचं काम, आणि फरक इतका पडतो की गाडी बदलल्यासारखी वाटते. थंडीत आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) आपोआप वर जात असेल तर इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आकसून हवा ओढत असतं. प्लग साध्या तांब्याचे, गॅप १ मिमी. या इग्निशनमध्ये एका कॉइलवर दोन प्लग चालतात आणि महागडे प्लॅटिनमचे प्लग घालून काही हाती लागत नाही. सिंगल कॅमची १०० हॉर्सपॉवरची एसएल-१ बघत असाल तर आणखी एक तपासणी करा : १९९९ पर्यंतच्या त्या इंजिनांचं सिलिंडर हेड कॅमच्या बैठकीजवळ तडकण्यासाठी ओळखलं जातं. कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच नाही, आणि ऑईल भरायच्या झाकणाखाली दुधट साय दिसतेय, तर ती गाडी सोडून द्या.

गिअरबॉक्स मॅन्युअलच घ्यावा. त्यात गिअर ऑईल नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच ऑईल, एटीएफ, पडतं, साधारण २.६ क्वार्ट. जागेवर चाकं फिरवत गाडी पळवायची सवय असेल तर डिफरेन्शियलची पिन सुटून केसिंग फोडते. शांत हातात ही अडचण येत नाही. ऑटोमॅटिकमध्ये व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलच्या दाबाने गिअर बदलणारा भाग) झिजते आणि रिव्हर्स टाकताना धाडकन धक्का बसतो, किंवा रिव्हर्स उशिरा लागतो. इनपुट शाफ्टचा नट सैल होणं हेही जुनं दुखणं आहे. घेण्याआधी गाडी वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करा आणि मग न्यूट्रलमधून रिव्हर्स टाकून बघा. थंड गाडी सगळं झाकून ठेवते. या ऑटोमॅटिकचा फिल्टर इंजिनच्या ऑईल फिल्टरसारखा बाहेरून फिरवून बसवायचा आहे, पॅन उघडावा लागत नाही. अशी सोय तेव्हाच्या दुसऱ्या स्वस्त गाडीत शोधून सापडायची नाही.

आता या गाडीचं जे मनापासून आवडतं ते. दारं, फेंडर, मागचे क्वार्टर पॅनल आणि बंपर पॉलिमरचे आहेत. बॉनेट, छप्पर आणि डिकीचं झाकण तेवढं पोलादी. आतला सांगाडा पोलादी असून पॅनल त्यावर बाहेरून स्क्रूने लावलेले. पार्किंगमध्ये शेजारच्याचं दार आपटलं तर पोचा येत नाही, गुडघ्याने दाबून बघा, परत जागेवर येतं. पॅनल उन्हात फुगतात म्हणून फटी रुंद ठेवल्या आहेत, ती ढिसाळ जोडणी नव्हे. फेंडर फुटलाच तर जंकयार्डमधून त्याच रंगाचा आणून टॉर्क्सच्या (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या) पान्याने घरीच बसवता येतो. मात्र प्लॅस्टिक गंजत नाही म्हणून गाडी गंजत नाही, असं समजू नका. इंजिन पेलणारी खालची चौकट (क्रेडल), ब्रेकच्या नळ्या आणि इंधनाच्या नळ्या मिठाने खातात. हिवाळ्यात खालून धुणं चुकवू नये, आणि घेताना टॉर्च घेऊन गाडीखाली जावंच.

मायलेज उत्तम. हायवेवर ४० मैल प्रति गॅलनच्या आसपास मिळतं, म्हणजे लिटरला १७ किलोमीटर. वजन अकराशे किलोच्या घरात, त्यामुळे १२४ हॉर्सपॉवर पुरून उरतात आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मजेत खेचते. आवाज मात्र फार, ४,००० आरपीएमच्या वर इंजिन घरघरतं. बैठक खाली आहे, कंबर दुखणाऱ्यांनी आधी बसून बघावं.

अशी गाडी बनवणारा ब्रँड बंद का पडला, हे कळलं की कोणतं मॉडेल घ्यायचं आणि कोणतं टाळायचं तेही कळतं. होंडा आणि टोयोटाच्या लहान गाड्यांपुढे टिकाव धरता येईना तेव्हा जानेवारी १९८५ मध्ये जनरल मोटर्सने सॅटर्न ही वेगळी कंपनीच काढली. टेनेसीतल्या स्प्रिंग हिलला नवा कारखाना, कामगार संघटनेशी वेगळा करार, कामगारांच्या गटांना निर्णयाचे अधिकार. इंजिनाचं ओतकाम, गिअरबॉक्स, पॅनल, जोडणी, सगळं एकाच आवारात. पहिली गाडी ३० जुलै १९९० ला चेअरमन रॉजर स्मिथ आणि संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर यांनी लाईनवरून बाहेर काढली. शोरूममध्ये घासाघीस नव्हती, पाटीवर लिहिलेली किंमत हीच किंमत. १९९१ मध्ये चुकीचं कूलंट भरलेल्या १,८३६ गाड्या निघाल्या तेव्हा दुरुस्त करत न बसता त्या गाड्याच बदलून दिल्या. १९९४ च्या उन्हाळ्यात चाळीस हजारांहून जास्त मालक आपापल्या गाड्या घेऊन कारखाना बघायला स्प्रिंग हिलला जमले. त्या वर्षीची विक्री २,८६,००३, आणि पुढे तो आकडा कधीच गाठला गेला नाही.

कारण सरळ आहे. जवळजवळ दहा वर्षं सॅटर्नकडे विकायला एकच गाडी होती, ही एस-सिरीज. लोकांची कुटुंबं वाढली, त्यांना मोठी गाडी हवी होती आणि शोरूममध्ये ती नव्हती. २००० सालची एल-सिरीज आली ती ओपेल व्हेक्ट्रावरून बेतलेली, आणि तीही स्प्रिंग हिलला नाही, डेलावेअरच्या विल्मिंग्टनला बनली. हळूहळू वेगळी कंपनी, वेगळा करार सगळं मोडून सॅटर्न जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांवरचं एक नाव उरलं. २००९ च्या दिवाळखोरीत रॉजर पेन्स्के यांच्या कंपनीने ब्रँड घ्यायचं ठरवलं होतं, पण पुढच्या गाड्या बनवून द्यायला दुसरा उत्पादक मिळेना आणि ३० सप्टेंबर २००९ ला तो व्यवहार फिसकटला. ग्राहक शेवटपर्यंत प्रेम करत होते आणि कंपनीने नवी गाडी वेळेवर दिली नाही, याची हळहळ एस-सिरीज चालवताना वाटतेच.

म्हणून घ्यायची तर १९९६ ते २००२ मधली एस-सिरीज, मॅन्युअल. १९९६ पासून इंजिनच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचा ओबीडी-२ चा सॉकेट आहे, साध्या स्कॅनरने कोड वाचता येतात. नंतरच्या मॉडेलांत आयन (२००३ ते २००७) घेण्याआधी गाडीचा १७ अक्षर-अंकी ओळख क्रमांक (व्हीआयएन) टाकून इग्निशन स्विचचा रिकॉल झालाय का ते तपासा. त्या स्विचची पकड इतकी हलकी होती की चावीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघा लागून चालत्या गाडीत इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. शेवरोले कोबाल्टसह अशा सगळ्या मॉडेलांत मिळून १२४ मृत्यू भरपाईच्या दाव्यांत मान्य झाले. व्ह्यू एसयूव्हीमध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेली गाडी घेऊच नका, तो गिअरबॉक्स टिकला नाही. २००४ ते २००७ ची व्ह्यू व्ही-६ मात्र पाहण्यासारखी : तिचं ३.५ लिटर, २५० हॉर्सपॉवरचं इंजिन होंडाचं आहे. त्याला टायमिंग बेल्ट असतो, आणि सॅटर्नला चेन असते या समजुतीने कित्येकांनी तो कधी बदललेलाच नसतो. पावती दिसली नाही तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंपाचा खर्च किमतीत धरा.

पार्टची स्थिती भीती वाटते तेवढी वाईट नाही. २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबल्यावर शेवरोलेच्या मालकांना जी धास्ती वाटली, तीच इथेही असते. फिल्टर, ब्रेक, सेन्सर, माउंट, वॉटर पंप, व्हील बेअरिंग, गॅस्केटचे सेट बाहेरच्या कंपन्या अजून बनवतात आणि ते ऑनलाइन मिळतात. अडतं ते आतल्या ट्रिमला, दारांच्या हँडलना, हेडलाइटच्या चांगल्या जोडीला आणि रंगवलेल्या पॅनलना. जंकयार्डमध्ये एस-सिरीज दिसली की आपल्या रंगाचं एक दार आणि दोन्ही फेंडर आणून ठेवावेत. १९९६ ला सेडानची बॉडी बदलली, म्हणून आधीच्या वर्षांचे पॅनल नंतरच्या गाडीला बसत नाहीत. २००० लाही चेहरा बदलला, तेव्हा पुढचा बंपर घेताना वर्ष विचारूनच पैसे द्या.