टांगती वाळवण जाळी: मजले आठ, कामाचे चार

घरचा पुदिना, बेसिल, ओरेगॅनो वाळवायला ६० सेंटिमीटर व्यासाची आठ मजली टांगती जाळी घ्यायला हरकत नाही. फक्त 'आठ मजले' या आकड्यावर भाळून पीक कापू नका.

एका मजल्याचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटरहून थोडंसं जास्त. पुदिन्याची सुटी पानं एकावर एक न येता पसरली, तर जेमतेम ५० ग्रॅम बसतात. त्यात ४० ग्रॅमहून अधिक पाणीच. वाळून हाती येतात सात-आठ ग्रॅम. आठही मजले भरले की मधल्या दोन-तीन मजल्यांत हवा कोंडते आणि तिथलीच पानं आधी काळी पडतात. म्हणून एक सोडून एक मजला भरायचा.

दुसरी खोट जाळीच्या पोताची. काठाला पोलादी तारेचं कडं असतं, मध्यभागी आधार काहीच नाही. वजन पडलं की जाळीला झोळ येतो, पानं घरंगळत मध्यावर गोळा होतात. ढीग वरून कोरडा दिसतो आणि आत दमट राहतो. दिवसातून एकदा बोटांनी हलकेच पसरून द्या, चुरगाळू नका. बेसिल तर दाबलं गेलं तरी काळं होतं. चेन असलेल्या नमुन्यात धूळ आणि माश्या अडतात, हे खरंच उपयोगी. पण चेन सावकाश ओढा, जाळीचा काठ तिच्यात हमखास अडकतो.

थाईमची पानं वाळली की भोकांतून गळतात. त्याच्या काड्या अख्ख्याच ठेवा किंवा खाली मलमलचा तुकडा अंथरा. खरं तर थाईम आणि रोझमेरीला जाळी लागतच नाही. त्यांत पाणी कमी, सात-आठ काड्यांची जुडी उलटी टांगली तरी भागतं. जुडीला रबरबँड लावा. काड्या वाळून बारीक झाल्या की सुतळी सैल पडते, रबर आवळत जातं.

कापणी चुकली तर जाळी काही करू शकत नाही. पुदिना, बेसिल, ओरेगॅनो कळ्या धरताना, फुलं उमलायच्या आत कापायचा. वेळ सकाळची, दव उडाल्यावर आणि ऊन तापायच्या आधी. धारदार कात्रीने पानांच्या जोडीच्या किंचित वर काप घ्या, म्हणजे तिथून दोन फुटवे येतात. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा पुरे. पानं धुतली असतील तर कापडावर पूर्ण निथळू द्या. ओलं पान जाळीवर गेलं की बुरशीला आमंत्रण.

जाळी अंधाऱ्या, वारा खेळणाऱ्या खोलीत टांगा. उन्हात रंग उडतो, वासही. पंखा मंद ठेवा आणि भिंतीकडे वळवा; थेट झोत आला तर पानं एका कोपऱ्यात जमतात. हवा कोरडी असेल तर पुदिना तीन-पाच दिवसांत होतो, बेसिल आठवडा घेतं. आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर असेल तर ही जाळी घेऊच नका, ३५ ते ४० अंशांवर चालणारा विजेचा ड्रायर बरा.

पान चुरलं जातं, पण देठ नुसता वाकतो? अजून एक दिवस. देठ कट्कन मोडला की बरणीत भरा, पानं अख्खी ठेवून; चुरा वास लवकर गमावतो. पहिला आठवडा रोज बरणी बघा. काचेवर आतून वाफ धरली तर सगळं परत जाळीवर.

दोन पिकांच्या मध्ये जाळी सौम्य साबणाने धुवा, नाहीतर पुदिन्याचा वास बेसिलला लागतो. घडी घालायला कडं दोन हातांनी पिळून इंग्रजी आठचा आकार करायचा, मग एकावर एक दुमडायचं. तार उसळी मारते, चेहरा लांब ठेवा. आणि धुतल्यावर पूर्ण सुकल्याशिवाय पिशवीत भरू नका, पुढच्या हंगामात जाळीच बुरसटलेली निघेल.