सोलापूरच्या गच्चीवर बुचाचे तक्ते : एका उन्हाळ्यानंतर

आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीत मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला हात लावला, तर तवा नुकताच चुलीवरून उतरवल्यासारखा भास होत असे. यंदा फेब्रुवारीत गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने करायचेच होते, म्हणून त्यावर ५० मिलिमीटर जाडीचे बुचाचे काळपट तक्ते अंथरून वर कोबा आणि चायना मोझॅक करून घेतले. (आपल्याकडे ज्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, ते बुचाचे झाड वेगळे.) हे बूच म्हणजे पोर्तुगालमधील एका ओक वृक्षाची साल असून ती झाड न तोडता साधारण दर ९ वर्षांनी सोलतात. तिच्या दाण्यांना साच्यात कडक वाफ दिली की ते फुगतात आणि सालीतल्याच राळेने एकमेकांना चिकटतात, त्यामुळे वेगळा गोंद लागत नाही. करवतीने कापताना भाजलेल्या कॉफीसारखा वास येतो.

याची उष्णतावाहकता सुमारे ०.०४ वॉट प्रति मीटर केल्विन, म्हणजे काँक्रीटच्या साधारण चाळिसाव्या हिश्शाइतकी आहे. त्यामुळे उष्णता अडवण्यापुरते बोलायचे, तर हे पाच सेंटिमीटर ढोबळमानाने दोन मीटर काँक्रीटची बरोबरी करतात. प्रत्यक्षातही मे महिन्यात छत रात्री जेमतेम कोमट राहिले आणि पंख्याखाली झळ लागेनाशी झाली. मात्र पश्चिमेची भिंत चारनंतर तापतेच, तेव्हा एसी काढून टाकता येईल या आशेने कोणी हे घेऊ नये.

तक्रारी दोन आहेत. कठड्यालगतची गोलाई करताना मिस्त्रीने वीतभर पट्टा तक्त्याविना सोडला आणि तेवढ्या कडेचे छत आजही तापते. दुसरी तक्रार किमतीची, कारण थर्माकोलच्या कित्येक पट पैसे मोजून माल जहाजाने मागवायचा आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणायचे, हे साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात जरा खटकते. तरीही उसाच्या चिपाडाचा बोर्ड मी गच्चीवर घालणार नाही, कारण ओल लागली की तो फुगतो आणि वाळवीलाही आयते खाद्य मिळते. खोलीच्या आत फॉल्स सीलिंग करायचे असते, तर मात्र तोच निवडला असता.

विक्रेत्याने पाठवलेल्या मालातील काही तक्त्यांचे कोपरे तुटलेले होते आणि ते बदलून देण्यास त्याने नकार दिला, म्हणून गाडी रिकामी होण्यापूर्वीच प्रत्येक तक्ता तपासून घ्यावा.